दगडाखालची चिठ्ठी

दिवाळी आली की आमच्या घरातले दगड अंगणात जातात. एरवी ते माझ्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला अडकवलेली असते हे घरात सर्वांना ठाऊक आहे, पण वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. दगडच ते! वसुबारस जवळ आली आणि मुले किल्ला करायला बसली, की मात्र त्यांना एकाएकी भाव येतो. पोत्यावर चिखल थापून होतो, उतारावर अळीव पेरून होतात, मावळ्यांच्या जागा ठरतात, आणि मग बुरुजाला दगड हवेत म्हणून माझ्या संग्रहावर धाड पडते. सौभाग्यवतींच्या मते त्या दगडांचा वर्षातला तेवढाच काय तो उपयोग.

गेल्या वर्षी धाकटीने एक पाणीदार, टोकदार स्फटिक उचलला. महाराजांच्या सिंहासनामागे तो उभा करायचा तिचा बेत होता. नीट बसेना म्हणून तिने तो उलटा केला, तो तळाला चिकटवलेली चिठ्ठी तिच्या नजरेस पडली. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘गार’ असे लिहिलेले होते. त्यावर एक आडवी रेघ. खाली निराळ्या शाईत ‘अपोफिलाइट’, आणि त्याखाली तारीख.

“बाबा, आम्ही खाडाखोड केली तर तुम्ही मार्क कापता. मग ही कोणी केली?”

मी म्हणालो, रात्री सांगतो. तिला वाटले, मी टाळतो आहे. आणि ते थोडे खरेही होते. पण दुसरे कारण असे की, उत्तर लांबलचक होते. दगडांना नावे देण्याचा सारा इतिहासच अशा खाडाखोडींनी भरलेला आहे आणि माझी रेघ ही त्या रांगेतली अगदी शेवटची आणि बारीकशी. रात्री तिला जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने इथे सांगतो.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चित्रकलेची पदविका घेतली आणि गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दगड गोळा करण्याचा नाद लागला तो रंगांच्या पायी. आमच्या पुणे जिल्ह्यात कुठेही विहीर खणा, सुरुंग उडाला की काळ्या फत्तराच्या पोटातून कधी पांढऱ्या सुयांचा गुच्छ निघतो, कधी मोरपिशी झाक असलेला स्फटिक, कधी गुलाबी पापुद्र्यांचा जुडगा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये हळूहळू भिंतींवर साठून त्यांचे स्फटिक बनले. आपण ज्याला नुसता ‘दगड’ म्हणून मास्तरांच्या तोंडून शिवीसारखा ऐकतो, त्याच्या पोटात हे असे लेणे असते. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे हे स्फटिक काचेआड मांडलेले आहेत. आणि आपल्या सिन्नरला तर खास त्यांच्यासाठीच ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय उभे राहिले आहे.

दगड पारखण्याची विद्या आपल्याला नवी नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांच्या परीक्षेला स्वतंत्र अध्याय आहेत. सोनाराचा कसोटीचा दगड तर आपल्या भाषेतच शिरून बसला. माणसेसुद्धा आपण कसाला लावतो. पण ही सारी परीक्षा मोलवान वस्तूंची. रस्त्यावर पडलेल्या, विहिरीतून निघालेल्या, कवडीमोलाच्या दगडाला ‘बाबा रे, तू कोण?’ असे विचारण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. तो प्रश्न चिकाटीने विचारला गेला अठराव्या शतकातल्या युरोपात. खाणकाम वाढले होते; कोणत्या दगडातून काय निघते हे कळण्यावर पैसा अवलंबून होता. पण विचारणाऱ्यांत निव्वळ हौशी माणसेही पुष्कळ होती, आणि मला ती अधिक जवळची वाटतात.

स्वीडनमध्ये क्रोन्स्टेट नावाचा एक खाणतज्ज्ञ होता. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे सोनाराकडे असते तसली फुंकणी. दिव्याच्या ज्योतीत फुंकर घालून तिचे टोक दगडाच्या कपच्यावर धरायचे आणि काय होते ते पाहायचे. १७५६ साली एक दगड त्याने असा तापवला, तर तो चक्क उकळल्यासारखा फसफसला. दगडातले पाणी बाहेर पडत होते! ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’ या अर्थाने त्याने त्याला ‘झिओलाइट’ म्हटले. आमच्या विहिरींतून निघणाऱ्या त्या सुया आणि पापुद्रे बहुतांशी याच कुळातले. क्रोन्स्टेटने आमचा दगड पाहिलाही नव्हता, पण आडनाव देऊन ठेवले.

दुसरा माणूस पॅरिसचा, आणि त्याच्यापाशी मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण तो आमच्या धंद्यातला. रने झ्युस्त आयुई हे त्याचे नाव. खेड्यातल्या गरीब विणकराचा मुलगा, पुढे धर्मोपदेशक झालेला, आणि पॅरिसच्या एका विद्यालयात लॅटिन शिकवणारा मास्तर. (अंधांसाठी पॅरिसमध्ये शाळा काढणारा व्हालांतीं आयुई तो याचाच धाकटा भाऊ. एका विणकराच्या घरात अशी दोन मुले निपजावीत!) याला आधी झाडापानांचा नाद होता. एकदा एका मित्राचा स्फटिकांचा संग्रह पाहताना त्याच्या हातून कॅल्साइटचा एक सुरेख स्फटिक निसटून फुटला, अशी गोष्ट सांगतात. मित्राचे तोंड कसे झाले असेल ते संग्राहकांनाच कळेल. पण आयुईने तुकडे उचलले आणि पाहतो तो काय, मूळ स्फटिकाचा आकार एक आणि फुटलेल्या तुकड्यांच्या बाजू मात्र दुसऱ्याच, तिरकस चौकोनी. घरी जाऊन त्याने आपल्या जवळचे निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट फोडले. प्रत्येकाच्या आत तोच तिरकस चौकोन. बाहेरून रूप कोणतेही असो, फुटताना दगड आपली जात सांगतो, हे या मास्तराला उमगले. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही असे आपण म्हणतो. आयुईला घावाने नुसती ओळख पटली.

पुढे राज्यक्रांती झाली. नव्या राजवटीची शपथ घ्यायला याने नकार दिला. १७९२ च्या ऑगस्टमध्ये याला इतर धर्मोपदेशकांबरोबर अटक होऊन कोंडण्यात आले. त्याच्याच विद्यालयात शिकून गेलेला वीस वर्षांचा एक तरुण, झोफ्र्वा सँतिलेर, विद्वानांच्या दारोदार फिरला आणि सुटकेचा कागद घेऊन आला. रात्र झाली होती. मास्तर म्हणाले, आता उशीर झाला, सकाळी निघू, असे सांगतात. नंतर काही दिवसांतच, सप्टेंबरच्या आरंभी, तिथे मागे राहिलेल्यांची कत्तल झाली. झोफ्र्वा पुढे स्वतः मोठा प्राणिशास्त्रज्ञ झाला, पण मला तो आठवतो तो कागद हातात घेऊन धापा टाकत आलेला विद्यार्थी म्हणून. विद्यार्थ्याने मास्तराला वाचवल्याची ही गोष्ट मी वर्गात कधी सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

१८०६ साली या आयुईने एका दगडाला ‘अपोफिलाइट’ हे नाव दिले. तापवला असता तो पापुद्रे सोडतो, म्हणून ‘पाने गाळणारा’. पानझडीच म्हणा ना! त्याच्या एका बाजूला मोत्यासारखी झाक असते, म्हणून त्याआधी १८०० साली आंद्रादा नावाच्या विद्वानाने त्याला ‘मत्स्यनेत्री दगड’ म्हटले होते. हाच आंद्रादा पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार ठरला. त्याने दिलेले नाव मागे पडले याचे मला वाईट वाटते. मीनाक्षी हे नाव आपल्याकडे किती शोभले असते!

तिसरा, फ्रीडरिख मोस. १८०२ साली हा व्हिएन्नाला गेला तो एका सावकाराच्या खाजगी संग्रहातले दगड ओळखून त्यांची यादी करायला. म्हणजे आमच्यासारख्याच एका हौशी माणसाच्या कपाटापुढे बसला. ढिगाने दगड, आणि कोणता कोण ते ठरवायला सोपी, स्वस्त रीत हवी. १८१२ साली त्याने दहा पायऱ्यांची शिडी मांडली: कोण कोणाला ओरखडतो ते पाहायचे. सगळ्यांत खाली शंखजिरे, सगळ्यांत वर हिरा. आपल्या नखाने जिप्सम ओरखडते पण तिसऱ्या पायरीवरचे कॅल्साइट ओरखडत नाही. चाकूने पाचवीपर्यंत काम भागते. सातव्या पायरीवरची गार काचेवर सहज ओरखडा उठवते. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ हे आपल्या आजीला मोसच्या आधी ठाऊक होते हे मान्य, पण तिने दहा पायऱ्या मांडल्या नाहीत.

ही शिडी फुकटची आहे. नख, तांब्याचे जुने नाणे, चाकू, काचेचा तुकडा एवढ्यावर हौशी माणसाचे निम्मे काम होते. उरलेले काम कपच्या कशा फुटतात ते पाहून, चिनी कपाच्या खालच्या खरखरीत कडेवर दगड घासून भुकटीचा रंग पाहून, चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळून ती फसफसते का ते पाहून. वरच्या रंगावर मात्र कधीही विसंबू नये. एकच दगड पांढरा, हिरवा, गुलाबी अशा वेषांत भेटतो. आणि मी तर रंगांचा मास्तर!

आता चिठ्ठीकडे येतो.

२००८ साली शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. दगडांचे टेबल माझ्याकडे आले. हा स्फटिक खाणीवरून नुकताच मिळाला होता. पांढरा, पारदर्शक, टोकदार. म्हणजे गार, स्फटिक, दुसरे काय! मी चिठ्ठी चिकटवली आणि मागच्या तक्त्यावर त्याचे मोठे चित्र काढले. नववीतला एक मुलगा टेबलाशी मदतीला होता. त्याचे वडील खाणीवर सुरुंगाची भोके पाडत. तो म्हणाला, “सर, ही गार न्हाय. गार काचंला वरबडती. ही नुसती घसरती.”

मी त्याला विचारले, तुला जास्त कळते की पुस्तकाला? खरे सांगायचे तर मी कोणतेही पुस्तक पाहिलेले नव्हते. पोरे हसली. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या वेळी तो कागदात गुंडाळलेला काचेचा तुकडा घेऊन आला. “दाखवू का, सर?” मी त्याला टेबलापासून बाजूला काढून दारात चपला नीट लावायच्या कामावर उभे केले. पाहुण्यांनी माझ्या चित्राची वाहवा केली. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. माझ्यामुळे आला नाही असे नव्हे. घरच्या अडचणी होत्या. मी स्वतःला तसे पुष्कळदा सांगितले आहे.

२०१२ साली रद्दीच्या दुकानात खनिजांवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी घेऊन वाचता वाचता काचेच्या परीक्षेपाशी आलो, आणि उठून कपाट उघडले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर स्फटिक घासला. घसरला. जोराने घासला. पांढरी भुकटी काचेवर राहिली ती स्फटिकाचीच. पुसून पाहतो तो काच कोरी. एक कपचा काढून स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्यात धरला. तो पांढरा पडला आणि त्याचे पापुद्रे सुटले. मग मी बाजू मोजल्या. गारेच्या स्फटिकाला सहा बाजू असतात. याला चार होत्या. मुलांना षटकोन काढायला शिकवणाऱ्या माणसाने समोर ठेवून त्याचे चित्र काढले होते, चार बाजूंचे अगदी हुबेहूब, आणि खाली ‘गार’ असे लिहिले होते.

त्या रात्री मी रेघ मारली. शाळेत कोणाला बोललो नाही. कादंबरीतल्या पात्राचे नाव मी तीनदा बदलतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. हेही तसेच उरकले.

मात्र त्या रात्रीपासून मी जुन्या खाडाखोडी शोधू लागलो. मनाला तेवढाच आधार. आणि सापडली ती नेमकी आमच्या पुण्याची! लंडनला हेन्री जेम्स ब्रुक नावाचा एक गृहस्थ होता. पोटाचा धंदा लोकरीच्या व्यापाराचा, नाद दगडांचा. हौशी म्हणून त्याला हलका समजू नये. स्टिल्बाइट या नावाखाली दोन निराळे दगड एकत्र नांदत होते, ते १८२२ साली त्याने वेगळे काढले आणि दुसऱ्याला ‘ह्यूलंडाइट’ हे नाव दिले; ते आजही चालते. १८३१ साली पुण्याकडून आलेल्या सुयांच्या आकाराच्या एका दगडाचे त्याने वर्णन केले, आणि हा नवाच आहे असे समजून त्याला नाव दिले ‘पूनालाइट’. शनिवारवाड्याचे वैभव सरून जेमतेम तेरा वर्षे झाली होती, आणि पुण्याचे नाव खनिजांच्या पोथीत चढले!

नागपूरलाही असाच मान मिळाला होता. तिथल्या स्टीफन हिस्लॉप या पाद्र्याने त्या बाजूचे दगड आणि अवशेष मनापासून गोळा केले. १८५९ साली हॉटनने त्यांतल्या एका हिरव्या दगडाला ‘हिस्लोपाइट’ म्हटले. पुढे ते हिरवी माती मिसळलेले साधे कॅल्साइट ठरले. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात बुडून गेला. त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, दगड नाही.

पूनालाइटचे नाव मात्र पुष्कळ टिकले. मधल्या काळात, १८५६ ते १८६३ या वर्षांत, बोरघाटातून रेल्वे नेताना डोंगर फोडले गेले आणि तिथले मोठमोठे अपोफिलाइट युरोपभर पोचले. पुण्याचा दगड नामांकित झाला. आणि १९०९ साली बोमन या इंग्रज अभ्यासकाने पूनालाइटच्या सुया घेऊन त्यांचे कोन मोजले, त्यांतून प्रकाश कसा जातो ते तपासले, आणि दाखवून दिले की हा निराळा दगड नव्हेच. हा १८१६ पासून ठाऊक असलेला मेसोलाइट. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी रेघ ओढली गेली. ब्रुक तेव्हा हयात नव्हता. असता तर त्याने काय केले असते, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्याने कपाट उघडले असते.

पुणेकरांनी हळहळू नये. पुढे १९८८ च्या सुमारास वाघोलीच्या खाणींतून कॅव्हन्साइट नावाचा गर्द निळा स्फटिक निघू लागला. अमेरिकेत तो १९६७ साली प्रथम मिळाला होता, पण वाघोलीसारखा दुसरीकडे कुठेच नाही. नाव त्याचे पुण्यावरून नाही, आणि तरी जगातला कोणताही संग्राहक तो पाहून पुणे म्हणतो.

२०२१ साली शेजारच्या वाडीत विहिरीचे काम चालले होते. दगड पाहायला मी गेलो. पोकलेन चालवणारा माणूस खाली उतरून “सर” म्हणत पाया पडला. तोच तो. आता मिशा आल्या होत्या. चहा मागवला. मला राहवेना. मी म्हणालो, “तो प्रदर्शनातला दगड गार नव्हता. तू म्हणालास तेच खरे होते. मी तुला बोलू द्यायला हवे होते.”

तो म्हणाला, “माझ्या तर ध्यानातच न्हवतं, सर.”

चहा संपला. कप खाली ठेवत तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, “काच मात्र घरच्या खिडकीची फोडून आणली हुती. बापानं लई हाणला हुता.”

मी काहीच बोललो नाही. तोही उठून यंत्रावर चढला.

चारेक दिवसांनी तो घरी आला. गोणपाटात गुंडाळलेला दगड त्याने ओसरीवर ठेवला. उलगडून पाहिले तर पोकळीभर पांढऱ्या सुया, रेशमासारख्या, एकही मोडलेली नाही. “ह्याचं नाव सांगा,” म्हणाला.

या सुयांची तीन भावंडे आहेत: नाट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि त्या दोहोंच्या मधला म्हणून मेसोलाइट, म्हणजे तो पूनालाइटवालाच. स्कोलेसाइट तापवला की किड्यासारखा वळवळतो, त्यावरूनच त्याचे नाव पडले. आम्ही दोघांनी माझ्या दिव्यावर एक सुई धरली. ती वळली खरी, पण वळवळली म्हणावी की नुसती वाकली, यावर आमचे एकमत होईना. दुसरी धरली, तिसरी धरली. नक्की ठरवायला प्रयोगशाळा हवी. डोळ्यांनी आणि दिव्याने ते व्हायचे नाही. मी त्याला तसे सांगितले.

“मंग चिठ्ठीवर काय लिवणार?” तो हसत म्हणाला.

हे सारे धाकटीला सांगून होईपर्यंत पणत्या विझत आल्या होत्या. ती कंदील घेऊन कपाटापाशी गेली आणि तो सुयांचा दगड तिने हलकेच उलटा केला. चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत ‘स्कोलेसाइट की मेसोलाइट?’ खालच्या ओळीत ज्याने दगड आणला त्याचे नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

तिने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि विचारले, “बाबा, याला मार्क किती?”